अमेरिकेतील तरुणांच्या आत्महत्या : सरासरीआड दडलेली विषमता

आत्महत्या ही सर्वस्वी वैयक्तिक बाब आहे, असा सर्वसाधारण समज असतो. एखाद्याचे मन दुबळे होते, त्याला परिस्थितीला तोंड देता आले नाही, असे म्हणून समाज आपली जबाबदारी झटकून मोकळा होतो. परंतु एमिल दुरखीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, प्रत्येक समाजाचा आत्महत्येचा एक विशिष्ट दर असतो आणि त्या दराच्या चढउतारामागे सामाजिक कारणे असतात. दुःखाला कारण असते आणि ते कारण शोधता येते, ही शिकवण ज्यांच्या परिचयाची आहे, त्या वाचकांना दुरखीमचे हे म्हणणे पटण्यास अडचण पडू नये.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील तरुणांच्या आत्महत्या आणि तेथील मानसिक आरोग्यसेवा यांतील वंशभेदाचा व स्त्री-पुरुषभेदाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या आणि दु बॉइस यांनी त्या पत्रास सहानुभूतीने उत्तरही दिले होते. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच मुळी तेथील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. तेव्हा त्या समाजाची मुले आज कोणत्या संकटातून जात आहेत, हे समजून घेणे आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचे नाही.

एक समजूत आणि तिचे परिणाम

अमेरिकेत अनेक दशके एक समजूत रूढ होती. आत्महत्या हा गोऱ्यांचा प्रश्न आहे, कृष्णवर्णीय माणूस आत्महत्या करीत नाही, असे गोरे मानीत आणि पुष्कळ कृष्णवर्णीयही मानीत. गुलामगिरी, जमावाकडून होणाऱ्या हत्या आणि वंशविभाजन ज्यांनी सोसले, त्यांना जीवन संपविण्याचा विचार शिवणार नाही, असा एक अभिमानही या समजुतीत मिसळलेला होता. तिला आकडेवारीचा आधार होता, हेही नाकारता येणार नाही. सर्व वयांचा एकत्रित विचार केला असता कृष्णवर्णीयांमधील आत्महत्येचा दर गोऱ्यांपेक्षा बराच कमी राहत आलेला आहे.

पण सरासरी ही फार फसवी गोष्ट आहे. २०१५ साली जेफ्री ब्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ ते ११ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंची आकडेवारी वंशानुसार वेगळी करून पाहिली. १९९३-९७ आणि २००८-१२ या दोन कालखंडांची त्यांनी तुलना केली. या वयोगटाचा एकूण दर जवळजवळ स्थिर दिसत होता. पण वेगळे करून पाहताच असे आढळले की, गोऱ्या मुलांचा दर दर दहा लाखांमागे १.१४ वरून ०.७७ पर्यंत खाली आला होता, तर कृष्णवर्णीय मुलांचा दर १.३६ वरून २.५४ पर्यंत चढला होता. एकाची घट आणि दुसऱ्याची वाढ एकमेकींत मिसळून गेल्या आणि वरवर पाहणाऱ्यास काहीच घडलेले नाही असे वाटले. संख्या लहान आहेत, हे खरे. परंतु दहा वर्षांच्या आतबाहेरचे मूल स्वतःचा जीव घेते तेव्हा संख्या लहान आहे एवढे म्हणून भागत नाही.

२०१८ साली याच अभ्यासकांनी २००१ ते २०१५ या पंधरा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५ ते १७ हा वयोगट एकत्र धरला तर कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांपेक्षा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे जुनी समजूत खरी ठरली असे कोणीही म्हणाले असते. पण त्या वयोगटाचे दोन भाग करताच चित्र पालटले. १३ ते १७ या वयात कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या निम्मा होता, तर ५ ते १२ या वयात तो गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. मोठ्यांच्या कमी आकड्याखाली लहानग्यांचा मोठा आकडा झाकला गेला होता.

पुढे मोठ्या मुलांविषयीचा दिलासाही टिकला नाही. मायकल लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली हायस्कूलच्या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी पाहणीतील १९९१ ते २०१७ या काळातील उत्तरे तपासली. या काळात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण ७३ टक्क्यांनी वाढले होते. आणि २०२२ साली १० ते १९ या वयोगटातील कृष्णवर्णीयांचा आत्महत्येचा दर प्रथमच त्याच वयाच्या गोऱ्यांच्या दरापुढे गेला.

येथे या समजुतीचा खरा परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. ही समजूत केवळ चुकीची होती असे नव्हे. ती घातक होती. जो धोका आपल्या मुलांना नाहीच असे आई-वडील, शिक्षक आणि डॉक्टर मानतात, त्याविषयी ते मुलाला कधीही विचारीत नाहीत. मुलाने आपले दुःख बोलून दाखविले तरी ते त्या अर्थाने ऐकले जात नाही. याप्रमाणे कमी सरासरी हीच दुर्लक्षाचे कारण होऊन बसली.

मुलगे आणि मुली

जे वंशाच्या बाबतीत, तेच लिंगभेदाच्या बाबतीत. अमेरिकेत आत्महत्येने मरण पावणाऱ्यांमध्ये सुमारे ८० टक्के पुरुष असतात. उलट आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये अधिक आढळते. या विसंगतीचे दोन परिणाम झाले. पुरुषांचा मृत्यू मोजला गेला, पण त्यांचे आधीचे दुःख कोणी विचारले नाही. स्त्रियांचे दुःख दिसले, पण ते मृत्यूपर्यंत जात नाही असे समजून त्याला गौण मानले गेले.

रोग नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २०२१ साली हायस्कूलच्या विद्यार्थ्यांची जी पाहणी केली तीत ५७ टक्के मुलींनी आपल्याला सतत उदास व निराश वाटत असल्याचे सांगितले. मुलांमध्ये हे प्रमाण २९ टक्के होते. आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे १३ टक्के मुलींनी आणि ७ टक्के मुलांनी सांगितले. वंशानुसार पाहता असा प्रयत्न केल्याचे सांगणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी १४ टक्के, तर गोरे ९ टक्के होते. मृत्यूच्या आकड्यांतही मुला-मुलींमधील अंतर कमी होत चालले आहे. १९७५ ते २०१६ या काळाच्या एका अभ्यासात, २००७ नंतर १० ते १४ वर्षांच्या मुलींचा आत्महत्येचा दर वर्षाला सरासरी १२.७ टक्क्यांनी, तर मुलांचा ७.१ टक्क्यांनी वाढत गेल्याचे दिसले.

वंश आणि लिंग या दोहोंचा एकत्र विचार केल्यावाचून कृष्णवर्णीय मुलीचे दुःख दिसतच नाही. एरिएल शेफ्टॉल यांच्या २००३ ते २०१७ या काळाच्या अभ्यासात कृष्णवर्णीय मुलींमधील आत्महत्यांचा दर वर्षाला सरासरी ६.६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. मुलांपेक्षा ही वाढ अधिक वेगाची होती. कृष्णवर्णीयांचा विचार करताना मुलगा डोळ्यांपुढे येतो आणि मुलींचा विचार करताना गोरी मुलगी. या दोहोंच्या मधल्या जागेत कृष्णवर्णीय मुलगी हरवून जाते. दलित स्त्रीच्या प्रश्नाची चर्चा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही मधली जागा कोणती ते वेगळे सांगावयास नको.

दुःख दिसते, पण त्याला नाव दुसरे मिळते

आता प्रश्न असा की, दुःखी मुलापर्यंत उपचार का पोहोचत नाहीत? उत्तरादाखल गरिबी, आरोग्यविम्याचा अभाव, जवळपास दवाखाना नसणे ही कारणे दिली जातात. ती खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. उपचारापर्यंतचा रस्ता तीन टप्प्यांचा असतो. प्रथम कोणाला तरी मुलाचे दुःख दिसावे लागते. मग त्या दुःखाला योग्य नाव मिळावे लागते. आणि शेवटी त्याला योग्य ठिकाणी पाठवावे लागते. या तिन्ही टप्प्यांवर वर्णभेद आडवा येतो.

पहिला टप्पा पाहण्याचा. फिलिप गॉफ आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगांत असे दिसले की, दहा वर्षांच्या पुढील कृष्णवर्णीय मुलगे लोकांना त्याच वयाच्या गोऱ्या मुलांपेक्षा कमी निरागस आणि वयाने मोठे वाटतात. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अहवालात आढळले की, कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्या मुलींपेक्षा जपणुकीची, संरक्षणाची आणि आधाराची गरज कमी असते असे प्रौढांना वाटते. पाच वर्षांच्या मुलीविषयीदेखील! ज्या मुलाला मूल मानलेच जात नाही, त्याचे रडणे कोणाला ऐकू येणार?

दुसरा टप्पा नाव देण्याचा. या बाबतीत अमेरिकेतील मनोविकारशास्त्राचा इतिहास फारसा निर्मळ नाही. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट या दक्षिणेतील डॉक्टरने, गुलामांच्या मनात पळून जाण्याची इच्छा उत्पन्न होणे हा एक मानसिक रोग आहे असे प्रतिपादन केले आणि त्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असे शास्त्रीय वाटणारे नावही दिले. स्वातंत्र्याची ओढ हाच रोग ठरला! पुढे १९६० च्या दशकात, नागरी हक्कांची चळवळ भरात असताना, छिन्नमनस्कतेचे निदान अधिकाधिक प्रमाणात कृष्णवर्णीय पुरुषांना कसे लावले गेले, हे जोनाथन मेट्झल यांनी मिशिगन राज्यातील आयोनिया येथील मनोरुग्णालयाच्या कागदपत्रांवरून दाखवून दिले आहे. आजही एकाच प्रकारच्या वागण्यास गोऱ्या मुलाच्या बाबतीत खिन्नता किंवा चंचलता म्हटले जाते आणि कृष्णवर्णीय मुलाच्या बाबतीत उद्धटपणा किंवा वर्तनविकार, असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. मुलांमधील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, तर चिडचिड आणि भांडण यांतून प्रकट होते. त्यामुळे हा नावाचा फरक फार महाग पडतो.

तिसरा टप्पा पाठविण्याचा. खिन्न ठरलेले मूल समुपदेशकाकडे जाते. उद्धट ठरलेले मूल शाळेतून काढले जाते अथवा पोलिसांकडे जाते. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार, १७ लाख विद्यार्थी अशा शाळांत शिकत होते की जेथे पोलीस होते, पण समुपदेशक नव्हता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, कृष्णवर्णीय मुले व तरुण मानसोपचारासाठी ज्या संख्येने डॉक्टरांकडे जातात ती गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे निम्मी आहे. आणि ते गेले तरी समोर बसलेला तज्ज्ञ त्यांच्या समाजाचा असण्याचा संभव फार कमी. २०१५ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांपैकी ८६ टक्के गोरे आणि केवळ ४ टक्के कृष्णवर्णीय होते.

यात अविश्वासाची भर पडते. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी आरोग्यखात्याने जाणूनबुजून उपचारांपासून वंचित ठेवले आणि रोग कसा वाढतो याचे निरीक्षण केले. ज्या समाजाची ही आठवण आहे, तो डॉक्टरकडे संशयाने पाहतो याचा दोष त्या समाजाला देता येणार नाही. शिवाय, मनाचे दुखणे म्हणजे श्रद्धेतील उणीव, प्रार्थनेने ते दूर होईल, असे सांगणारे वडीलधारेही त्या समाजात आहेत. याप्रमाणे घरात बोलता येत नाही आणि बाहेर कोणी ऐकत नाही, अशा कोंडीत ते मूल सापडते.

जागे होण्यास लागलेला वेळ

याविषयी कोणीच बोलले नाही असे नाही. अमेरिकेचे सर्जन जनरल डेव्हिड सॅचर, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत, यांनी २००१ साली मानसिक आरोग्य, संस्कृती आणि वंश या विषयावर स्वतंत्र सरकारी अहवाल प्रसिद्ध केला आणि अल्पसंख्य वंशांना कमी व हलक्या दर्जाची सेवा मिळते हे स्पष्टपणे नोंदविले. २०१९ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकन संसदेतील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने बॉनी वॉटसन कोलमन यांच्या नेतृत्वाखाली या प्रश्नावर एक कृतिदल नेमले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने जानेवारी २०२१ मध्ये आणि मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये, वर्णद्वेषाला हातभार लावल्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी दूरध्वनी क्रमांक देशभर सुरू झाला. परंतु ज्या वर्षी हा क्रमांक सुरू झाला, त्याच वर्षी कृष्णवर्णीय तरुणांचा दर गोऱ्यांच्या पुढे गेला, हे विसरता येत नाही. क्षमायाचना आणि क्रमांक आवश्यक आहेत. पण जो विचारीत नाही त्याला क्षमा मागून विचारता येत नाही.

व्हाइट माउंटन अपाची जमातीचा धडा

अमेरिकेत आत्महत्येचा सर्वाधिक दर कृष्णवर्णीयांचाही नाही, गोऱ्यांचाही नाही. तो तेथील मूळ रहिवाशांचा, म्हणजे ज्यांना आपल्याकडे पूर्वी रेड इंडियन म्हणत त्यांचा आहे. ॲरिझोना राज्यात व्हाइट माउंटन अपाची ही त्यांपैकी एक जमात राहते. आपली मुले मरत आहेत हे पाहून या जमातीच्या परिषदेने २००१ साली एक असामान्य निर्णय घेतला. जमातीच्या क्षेत्रात होणारी प्रत्येक आत्महत्या आणि आत्महत्येचा प्रत्येक प्रयत्न कळविणे बंधनकारक करण्यात आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने ही नोंद ठेवली जाऊ लागली.

केवळ नोंद करून ते थांबले नाहीत. ज्याच्याविषयी खबर येई त्या प्रत्येकाकडे अपाची समाजातलाच, त्यांची भाषा व रीत जाणणारा प्रशिक्षित कार्यकर्ता स्वतः जाऊन भेटू लागला. तो विचारपूस करी, उपचारांपर्यंत सोबत करी आणि पुन्हा भेटावयास येई. जमातीतील वृद्ध स्त्री-पुरुष शाळांत जाऊन मुलांना आपला इतिहास आणि जगण्याची रीत सांगू लागले. २००१-०६ आणि २००७-१२ या दोन कालखंडांची तुलना केली असता जमातीतील आत्महत्यांचा दर ३८.३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. देशाच्या दरात त्या काळात अशी घट झाली नव्हती. या एका उपायानेच ही घट झाली असे निखालस सिद्ध करता येत नाही. परंतु जेथे समाजाने स्वतः मोजावयास आणि स्वतः विचारावयास सुरुवात केली, तेथे मृत्यू कमी झाले, एवढे तरी निश्चित आहे.

दु बॉइस यांनी १८९९ साली फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघर फिरून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनीही हीच वाट धरली होती. कृष्णवर्णीयांमधील रोगराई व मृत्यू त्यांच्या वंशाच्या दुबळेपणामुळे होतात असे तेव्हाचे गोरे पंडित सांगत होते. दु बॉइस यांनी घरे, काम, पाणी आणि वेतन यांची नोंद करून त्या मृत्यूंची कारणे परिस्थितीत आहेत हे दाखविले. नोंद हे शोषितांच्या हातातील साधन होऊ शकते, ते असे.

आपल्यापुरता विचार

आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आत्महत्यांचा अहवाल प्रसिद्ध करतो. २०२२ च्या अहवालानुसार देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ आत्महत्या महाराष्ट्रात झाल्या. या अहवालात वय, लिंग, शिक्षण व व्यवसाय यांची कोष्टके आहेत. ‘सामाजिक स्थिती’ असेही एक कोष्टक आहे. परंतु त्यात विवाहित, अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित एवढीच वर्गवारी येते. जातीचे कोष्टक त्यात नाही. २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले, तेव्हा देशभर चर्चा झाली आणि त्या दोघांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उच्च शिक्षणातील जातिभेदाविरुद्ध याचिका दाखल केली. पण ज्यांची नावे वृत्तपत्रांत आली नाहीत त्या मुला-मुलींचा हिशेब कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. अमेरिकेत निदान आकडे वेगळे करता आले, म्हणून झाकलेले उघडे पडले. आपल्याकडे ते वेगळे करण्याची सोयच ठेवलेली नाही.

ही मागणी शासनाकडे केलीच पाहिजे. परंतु अपाची जमात शासनाची वाट पाहत बसली नाही, हेही ध्यानात ठेवावे. विहारात येणारा, वसतिगृहात राहणारा, पहिल्यांदाच मोठ्या शहरात शिकावयास गेलेला आपला मुलगा किंवा मुलगी गप्प झाली असेल, चिडचिडी झाली असेल, तर तिला उद्धट न म्हणता विचारावे. आत्महत्येविषयी स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजतो अशी भीती पुष्कळांना वाटते. संशोधन तिला पुष्टी देत नाही. विचारल्याने मन हलके होण्याचाच संभव अधिक असतो. विचारल्यावर उपदेश न करता ऐकावे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि डॉक्टरकडे स्वतः सोबत जावे. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तिच्यावर मराठीत बोलता येते.

‘आमची माणसे कणखर आहेत, ती असे करीत नाहीत’ हे वाक्य अमेरिकेत अभिमानाने उच्चारले गेले आणि त्याची किंमत लहान मुलांनी चुकविली. तेच वाक्य आपल्या घरांत, आपल्या वस्त्यांत ऐकू येते की नाही, हे प्रत्येक वाचकाने स्वतःशी तपासून पाहावे.